परतीची वाट : विवाहोत्तर प्रेमाचा रूपबंध आणि मराठी कथन

लोकप्रिय वाङ्मयाची आपली समीक्षा सहसा दखल घेत नाही आणि घेतलीच तर समाजशास्त्रीय पुरावा म्हणून घेते. त्याच्या रूपबंधाची चिकित्सा मात्र राहून जाते. येथे विचारात घेतलेला रूपबंध उत्तर अमेरिकेतील ख्रिस्ती प्रेमकादंबरीत गेल्या साडेचार दशकांत स्थिरावला. आपत्तीचा काळ, एकाकी शेत, निकडीपोटी ठरलेले लग्न आणि श्रद्धेच्या आधाराने त्या लग्नात हळूहळू रुजणारे प्रेम, अशी त्याची घडण. कॅनेडियन लेखिका जॅनेट ओक यांची 'लव्ह कम्स सॉफ्टली' (१९७९) हे त्याचे ठळक उदाहरण. मार्टीचा नवरा पश्चिमेकडील प्रवासात अपघाताने मरतो. त्याच्या दफनाच्या दिवशीच क्लार्क हा विधुर शेतकरी, आपल्या लहान मुलीला आई हवी म्हणून, तिला मागणी घालतो. या कादंबरीत युद्ध नाही. पण पुढे याच साच्यात अपघाताच्या जागी यादवी युद्ध किंवा महायुद्ध येऊन बसले आणि साचा फारसा हलला नाही. तो का हलला नाही, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

क्लार्क मार्टीला लग्नाबरोबर एक वचनही देतो : वसंतात पूर्वेकडे गाड्यांचा तांडा निघेल तेव्हा तिला जायचे असेल तर प्रवासखर्च तो देईल. सगळी कादंबरी या वचनावर उभी आहे. मार्टी राहते तेव्हा तिचे राहणे ही निवड ठरते, कारण जाण्याची वाट तिच्यासाठी खुली होती. युद्धकालीन प्रेमकथेत हे काम युद्ध करते. 'लढाई संपेपर्यंत' ही अटच त्या लग्नाला तात्पुरतेपण देते, आणि तात्पुरते लग्न कायमचे होणे हे मग प्रेमाचे प्रमाण मानता येते. जॅनिस रॅडवे यांनी 'रीडिंग द रोमान्स' (१९८४) मध्ये प्रेमकथा वाचणाऱ्या स्त्रियांना नायकाकडून जोपासना हवी असते, असे दाखवले. क्लार्कच्या धीमेपणात ती जोपासना आहेच. परंतु परतीची वाट नसती तर त्याच धीमेपणाला आपण फार तर धन्याचा चांगुलपणा म्हटले असते.

आता हा रूपबंध मराठीत आणून पाहावा. 'मंजुघोषा'च्या (१८६८) प्रस्तावनेत नारो सदाशिव रिसबूड यांनी आपली अडचण सांगितली होती : आपल्या विवाहरीतीमुळे आणि इतरही कारणांनी हिंदू संसारात कादंबरीला पुरेल असे मनोरंजक काही सापडत नाही. या कबुलीकडे आपण बहुधा अद्भुतरम्यतेची सबब म्हणून पाहतो. वास्तविक तिच्यात कथनशास्त्राचा एक नेमका प्रश्न दडलेला आहे. जेथे लग्न प्रेमाच्या आधी होते आणि मागे वळता येत नाही, तेथे प्रेम उत्पन्न झाले की नुसती सवय झाली, हे निवेदकाने कशावरून ठरवायचे? 'रुळणे' हे क्रियापद आपल्या भाषेत सुनेसाठी आहे आणि नव्या बैलासाठीही आहे.

भालचंद्र नेमाडे यांनी आरंभीच्या मराठी कादंबरीच्या 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' अशा तीन प्रवृत्ती कल्पिल्या. प्रस्तुत रूपबंधात एकत्र नांदणारी श्रद्धा, प्रणय आणि युद्ध ही सूत्रे मराठीत आरंभीच तीन ओहोळांत वेगळी झाली, हे या विभागणीवरून ध्यानात येते. मात्र 'मुक्तामाला' प्रवृत्तीला पलायन म्हणून बाजूला सारताना पळणाऱ्याला नेमके काय हवे होते हे विचारायचे राहून गेले, असे मला वाटते. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'त (१८५७) श्रद्धा आहे, परस्परांवर जीव असलेले दांपत्यही आहे. पण यमुना आणि विनायक यांचे प्रेम सिद्ध करावे लागत नाही, ते गृहीत आहे. कादंबरीची नजर विधवांच्या स्थितीवर आहे. मराठी कादंबरी धर्मप्रेरित दांपत्यकथेने सुरू झाली आणि तरीही तो प्रकार येथे रुजला नाही, याचे एक कारण या गृहीतात असावे.

दुसरे कारण शेतात आहे. गोंदिया शहरालगतच्या फुलचूरमधील एखादी वाचक मार्टीची गोष्ट वाचू लागली, तर अनोळखी पुरुषाशी लग्न ही गोष्ट तिला मुळीच नवलाची वाटणार नाही. नवल वाटेल ते त्या शेतातील एकांताचे. धानाच्या मुलखात पऱ्हे खणणे, बांधीत चिखल करणे, रोवणी, हे सगळे मेळ्याने होते. रोवणीला बायांची रांग असते आणि नवी सून त्या रांगेतली एक असते. दिवसाउजेडी नवराबायको दोघेच शेतात आहेत, आणि कामातून एकमेकांना ओळखू लागली आहेत, ही कल्पना एकत्र कुटुंबाच्या शेतीत बसणे कठीण. ओक यांच्या कादंबरीत शेत हे दोघांचे घर होते. आपल्या ग्रामीण कादंबरीत ते भाऊबंदकीचे, सावकाराचे आणि पावसाचे असते. भाषांतरकाराला टीप द्यायचीच असेल तर ती लग्नावर नको, एकांतावर द्यावी.

युद्धाचे काय? महायुद्धाच्या छायेतील मराठी प्रेमकथा म्हणजे विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९). तेथे चक्रधर आणि हॅर्टा जहाजावर भेटतात. तेथे जमीन नाही, लग्न नाही. आणि हॅर्टाचे ज्यू असणे ही भक्ती नसून हद्दपारीचे कारण आहे. मार्टीला परतीची वाट असते म्हणून तिचे राहणे अर्थपूर्ण होते. हॅर्टाला कुठे राहण्याचीच मुभा नाही. हा रूपबंध बेडेकरांनी जणू उलटा करून ठेवला आहे.

रिसबूडांच्या प्रश्नाचे उत्तर मराठीत कादंबरीने दिलेच नाही. ते एका आत्मकथनाने दिले. फुलचूरजवळून, गोंदियावरून जाणाऱ्या नागपूर-राजनांदगाव लोहमार्गावर १८९३ साली नारायण वामन टिळकांना आगगाडीत एक मिशनरी भेटला आणि त्याने बायबल दिले. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचे लग्न त्या अकरा वर्षांच्या असताना वडीलधाऱ्यांनी ठरवलेले; त्यांना परतीची वाट कधी नव्हतीच. ती टिळकांच्या धर्मांतराने निर्माण झाली. नवऱ्याकडे न जाणे हाच आता धर्म, असे सारा समाज त्यांना सांगत होता. 'स्मृतिचित्रे'तील (१९३४-३६) त्या वियोगाच्या वर्षांना म्हणूनच केवळ चरित्रात्मक महत्त्व नाही. पंधरा वर्षांच्या संसारानंतर या बाईला नवऱ्याची निवड प्रथमच करायची आहे, आणि ती करताना माहेर, जात, सोवळे हे सर्व पणाला लागले आहे.

ओक यांच्या कादंबरीत श्रद्धा दोघांमधील अंतर भरून काढते. 'स्मृतिचित्रे'त श्रद्धाच ते अंतर पाडते. लक्ष्मीबाई परततात त्या प्रथम नवऱ्याकडे, ख्रिस्ताकडे नव्हे. परतल्यावरही त्या काही काळ आपले सोवळे सांभाळतात. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. एका छपराखाली दोन धर्म नांदण्याचा हा मधला काळ मला या पुस्तकातील सर्वांत मोलाचा वाटतो. तेथे प्रेम आहे आणि एकमत नाही. साचेबंद कादंबरीला हे परवडत नाही, कारण तिच्यात नायिकेचे नवऱ्यावर प्रेम बसणे आणि तिने नवऱ्याचा देव स्वीकारणे ही एकाच घटनेची दोन नावे असतात.

आत्मकथन आणि कादंबरी यांची तुलना कितपत न्याय्य, असा आक्षेप येईल. परंतु फरक सत्य-कल्पिताचा नाही, निवेदनाचा आहे. लक्ष्मीबाईंना शेवट ठाऊक असूनही त्या प्रत्येक प्रसंग शेवट ठाऊक नसलेल्या बाईच्या जागेवरून सांगतात, आणि म्हणून त्यांना नवऱ्याच्या विक्षिप्तपणाला व स्वतःच्या हट्टाला हसता येते. ओक यांच्या निवेदनात ईश्वरी योजना पहिल्या प्रकरणापासून कामाला लागलेली आहे; तिच्या देखरेखीखाली क्लार्कला हसण्याची मार्टीची हिंमत होत नाही.