झोपेत सांगितलेली माया

काही पुस्तके वाचकांची सरळ दोन गटांत वाटणी करतात. कॅनडातील बालसाहित्यिक रॉबर्ट मन्च यांचे ‘लव्ह यू फॉरएव्हर’ हे असेच एक चित्रपुस्तक. फायरफ्लाय बुक्सने ते १९८६ साली प्रसिद्ध केले. चित्रे शीला मॅकग्रॉ यांची आहेत. आजवर त्याच्या तीन कोटींहून अधिक प्रती खपल्या. मोठ्याने वाचताना कंठ दाटून येतो असे सांगणारे आईबाप एकीकडे, तर हे पुस्तक मुलांच्या हाती देऊच नये म्हणणारे दुसरीकडे.

गोष्ट साधी आहे. दोन वर्षांचा मुलगा आईचे घड्याळ संडासात टाकून पाणी सोडतो. आई दिवसभर वैतागते. रात्री मात्र तो गाढ झोपल्याची खात्री करून त्याला मांडीवर घेते, जोजवते आणि एक लोरी गाते. मुलगा नऊ वर्षांचा होतो, वयात येतो, वेगळे बिऱ्हाड करतो. आईचा क्रम चालूच. गाडीच्या टपावर शिडी बांधून ती त्याच्या घरी जाते आणि खिडकीतून आत शिरते! शेवटी ती म्हातारी, आजारी होते. लोरी तिला पुरी करता येत नाही. मुलगा तिला कुशीत घेऊन ती गातो आणि घरी येऊन आपल्या तान्ह्या मुलीला ऐकवतो.

आक्षेप घेणारे विचारतात, ही माया की ताबा? या घरात बाप कुठे आहे? सून का दिसत नाही? बी.एड.च्या बालमानसशास्त्राच्या पेपरात मुलाला मोकळीक देण्यावर पानेच्या पाने लिहिलेली मी. साहजिकच प्रथम मी याच गटात होते.

पुढे या लोरीची हकीकत वाचनात आली. मन्च दाम्पत्याला दोन मुले मृतावस्थेत जन्मली. त्या दुःखात हे गाणे सुचले. बराच काळ ते त्यांच्या मनातच राहिले, कारण गायला गेले की रडू कोसळे. त्यांच्या नेहमीच्या प्रकाशकाला हे मुलांचे पुस्तक वाटलेच नाही, म्हणून ते दुसरीकडे गेले. ही हकीकत कळल्यावर शिडी घेऊन निघालेली आई हास्यास्पद वाटत नाही. जी मुले वाढलीच नाहीत, त्यांच्या प्रत्येक वयाला ती भेटून येते आहे. तरीही समीक्षा म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. हे दुःख पुस्तकाच्या गोष्टीत नाही. लेखकाची जखम माहीत नसलेल्या वाचकाला शिडी खटकली, तर तो निष्ठुर ठरत नाही.

मग मी ही गोष्ट माझ्या चौथी जमातीला उर्दूत सांगितली. शिडीवर वर्ग खो खो हसला. कोणी रडले नाही, कोणाला भीतीही वाटली नाही. एका मुलीने मात्र विचारले, “टीचर, वो जागता रहता तब अम्मी क्यूँ नहीं गाती?” मी उत्तर शोधत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “वो सोने का बहाना करता था. नहीं तो उसको गाना कैसे आया?”

मोठ्यांच्या दोन्ही गटांकडून हे निसटले होते, माझ्याकडूनही. दिवसा ही आई म्हणते, या पोराने वेड लावले, याला प्राणिसंग्रहालयाला विकून टाकावे. रात्री म्हणते, तू कायमचा माझा. मुलगा दोन्ही ऐकतो. पुस्तकाचे मर्म मला इथे दिसते आणि त्याची उणीवही इथेच आहे. माया उजेडात बोलून दाखवण्याची हिंमत या आईला शेवटपर्यंत होत नाही. आपल्या घरांत तरी वेगळे काय घडते? गृहपाठावरून दिवसभर बोलणी आणि रात्री झोपलेल्या लेकराच्या डोक्यावरून हळूच फिरणारा हात.

म्हणून हे पुस्तक मुलांपासून लपवू नये आणि नुसते रडण्यासाठीही वाचू नये. ते मुलांसमवेत वाचावे, त्यांना हसू द्यावे, प्रश्न विचारू द्यावेत. वाचून झाल्यावर मूल जागे असेल, तेव्हाच त्याला जे सांगायचे ते सांगून टाकावे.