उघडे दप्तर

गेल्या भाऊबीजेला माझी भाची घरी आली होती. तालुक्याच्या गावी एका खासगी संस्थेच्या कॉलेजात ती जीवशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात पीएच.डी.चा अभ्यास करते. फराळाची ताटे उचलल्यावर ती संगणक उघडून बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "मामा, मला हवा तो लेख सापडला, पण वाचायचे तीन हजार रुपये मागताहेत." मी पडलो लेखनाच्या धंद्यातला माणूस. लेखाला एवढा भाव येतो हे ऐकून प्रथम मला आनंदच झाला. मी विचारले, "यातले लेखकाला किती मिळतात?"

"काहीच नाही. लेख तपासणाऱ्या विद्वानांनाही नाही. आणि त्या संशोधनाचा खर्च तिकडच्या सरकारने केलेला आहे."

"मग हे पैसे कशाचे?"

"कुलपाचे," ती म्हणाली.

जाताना तिने एक इंग्रजी पुस्तक माझ्यासाठी ठेवले. शास्त्रीय माहिती सर्वांना फुकट मिळावी असा पुरस्कार करणारे हे पुस्तक तिला विकतच घ्यावे लागले होते, ही त्यातली गंमत तिनेच मला सांगितली. त्या पुस्तकाविषयी चार शब्द लिहावेत म्हणून हा लेख.

पुस्तकाचे नाव 'द कॉमन थ्रेड', म्हणजे समाईक धागा. ते २००२ साली प्रसिद्ध झाले. लेखक जॉन सल्स्टन आणि विज्ञानलेखिका जॉर्जिना फेरी. त्याच वर्षी सल्स्टन यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. २०१८ साली ते वारले. मानवी जीनोम, म्हणजे माणसाच्या पेशीत लिहिलेली सुमारे ३०० कोटी अक्षरांची पोथी, वाचण्याच्या उद्योगात इंग्लंडच्या बाजूचे ते प्रमुख होते. शास्त्रज्ञांच्या आठवणी म्हटल्या की बहुधा विजयाची मिरवणूक असते. या पुस्तकात ती नाही. एका संकोची, हाताने काम करण्यात रमणाऱ्या माणसाला नाइलाजाने भांडणात उतरावे लागले, त्याची ही हकीकत आहे. भांडणाचा विषय एकच : निसर्गाने लिहिलेली पोथी वाचल्यावर तिची नक्कल कोणाच्या मालकीची?

पुस्तकाचा उत्तम भाग मला पूर्वार्धात आढळला. सल्स्टन १९६९ साली केंब्रिजमध्ये सिडनी ब्रेनर यांच्या प्रयोगशाळेत आले आणि एका सूत्रकृमीच्या मागे लागले. हा किडा जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा. त्याच्या शरीरात, बीजपेशी सोडल्या तर, ९५९ पेशी. एका पेशीपासून एवढ्या पेशी कशा होतात हे पाहण्यासाठी हा गृहस्थ दिवसातून दोनदा, चार चार तास, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून दीड वर्ष बसला. हे वाचताना आपल्याकडच्या पोथी उतरवून काढणाऱ्या लेखनिकांची आठवण होते.

त्या किड्यावर काम करणारी मंडळी थोडी आणि एकमेकांना धरून असलेली. १९७५ पासून त्यांचे एक घरगुती वार्तापत्र निघे. त्यात अपुरे, कोठेही न छापलेले निष्कर्षही मोकळेपणाने कळवले जात. पुढे सल्स्टन आणि त्यांचे सहकारी या किड्याच्या जीनोमचा नकाशा करू लागले, तेव्हा कोणीही आपल्याजवळचा तुकडा पाठवावा आणि तो नकाशात कोठे बसतो हे विचारून घ्यावे, असा रिवाज पडला. विचारणाऱ्याची अडचण भागे आणि त्याला त्या तुकड्याविषयी जे ठाऊक असेल ते नकाशात जमा होई. आपल्या घरांत शेजारणीकडून आलेले फराळाचे ताट रिकामे परत करीत नाहीत. काही नाही तर चिमूटभर साखर तरी त्यात घालतात. सल्स्टन यांचे सगळे नीतिशास्त्र मला या ताटात दिसते. माहिती खुली ठेवणे म्हणजे दानधर्म नव्हे. ताट फिरते राहिले पाहिजे, एवढाच व्यवहार त्यात आहे. आणि तो फार शहाणपणाचा व्यवहार आहे.

पण शेजाऱ्यांच्या आळीत चालणारा रिवाज साऱ्या जगात चालेल काय? पुस्तकाच्या उत्तरार्धाचा हाच पेच आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये बर्म्युडा बेटावर जीनोमच्या कामातली मंडळी जमली. तेथे सल्स्टन यांनी फळ्यावर नियम मांडले : वाचलेला मजकूर शक्यतो २४ तासांच्या आत जाहीर करावा, तो सर्वांचा असावा, आधी स्वतः वापरून घेण्यासाठी कोणी दडवून ठेवू नये. मंडळींनी ते मान्य केले. स्वतःचा निबंध छापून येईपर्यंत वहीवर हात ठेवून बसण्याची सवय असलेल्या विद्वानांनी हे कबूल करावे, ही लहान गोष्ट नव्हे.

मे १९९८ मध्ये क्रेग व्हेंटर यांनी कंपनी काढून तेच काम तीन वर्षांत उरकण्याची घोषणा केली. पुढे सेलेरा हे नाव घेतलेली ही कंपनी आपली माहिती वर्गणी घेऊन देणार होती. सल्स्टन यांची मंडळी रोज जे जाहीर करीत, ते अर्थात तिलाही फुकट मिळे. म्हणजे यांचे ताट रोज तिच्या घरी जाई. परत मात्र काही येत नसे. सल्स्टन यांचा संताप येथे लपत नाही. यावर उपाय म्हणून 'आमची माहिती घ्याल तर तीत भर घालून ती कोंडून ठेवणार नाही असे लिहून द्या' अशी अट घालण्याचा विचार झाला. तो सोडून दिला गेला, कारण अटीचे दार हेही अखेर दारच. राग आला तरी दप्तर मिटायचे नाही, हा निश्चय पुस्तकातला सर्वांत मोलाचा प्रसंग आहे असे मी मानतो.

त्या निश्चयाचे फळ लगेच दिसले. २००० च्या उन्हाळ्यात मजकुराचे असंख्य तुकडे सलग जुळवायचे राहिले होते. कॅलिफोर्नियातील सांताक्रूझच्या विद्यापीठात जिम केंट नावाचा एक विद्यार्थी होता. त्याने चारेक आठवडे रात्रंदिवस बसून तुकडे जुळवणारी संगणकाची आज्ञावली लिहिली, आणि ७ जुलै २००० रोजी तो जुळलेला मजकूर जगासाठी खुला झाला. ती अक्षरे केंटने स्वतः वाचून काढली नव्हती. वाचणारा एक आणि जुळवणारा दुसरा असू शकतो, हे दप्तर उघडे होते म्हणूनच घडले.

आता पुस्तकातला दोष. व्हेंटर यांचे चित्र एकाच खिडकीतून पाहिलेले आहे. सेलेराने आमच्याच मजकुराच्या आधारावर इमारत रचली, असे सल्स्टन म्हणतात. सेलेराच्या शास्त्रज्ञांना हे मान्य नव्हते. व्हेंटर यांचे आत्मचरित्र २००७ साली आले, तेही शेजारी ठेवून वाचावे. स्पर्धक उभा राहिल्यावर सार्वजनिक योजनेनेही आपली मुदत अलीकडे आणली, ही गोष्ट खरी आहे. खुलेपणा आणि चपळाई या सवती नव्हेत. पण पहिल्यावाचून दुसरी येईल असे जसे नाही, तसे पहिल्याबरोबर ती आपोआप येते असेही नाही. एवढे सल्स्टन यांनी कबूल केले असते, तर त्यांची बाजू अधिकच बळकट झाली असती.

पुस्तक वाचून संपल्यावर मी भाचीला फोन केला आणि उत्साहाने पुष्कळ बोललो. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "मामा, माझ्या चार वर्षांच्या नोंदी मीही अजून कोणाला दाखवलेल्या नाहीत. मोठ्या विद्यापीठातल्या कोणी त्यावरून आधी निबंध छापला, तर माझे काय?"

हा प्रश्न मला बोचला. तिची भीती खोटी नाही. जेम्स वॉट्सन यांचे 'द डबल हेलिक्स' हे १९६८ चे पुस्तक ज्यांनी वाचले असेल, त्यांना ती समजेल. मे १९५२ मध्ये रोझालिंड फ्रँकलिन यांच्या हाताखाली रेमंड गॉस्लिंग यांनी डीएनएचे एक क्ष-किरण छायाचित्र घेतले. जानेवारी १९५३ मध्ये मॉरिस विल्किन्स यांनी ते वॉट्सनना दाखवले, आणि फ्रँकलिनना त्याची वार्ता नव्हती, हे वॉट्सन स्वतःच मोठ्या खुशीत सांगतात. त्याच वर्षी २५ एप्रिलला वॉट्सन आणि क्रिक यांचा निबंध प्रसिद्ध झाला. फ्रँकलिन १९५८ साली, वयाच्या ३७ व्या वर्षी वारल्या. १९६२ चे नोबेल उरलेल्या तिघांना मिळाले.

ही दोन पुस्तके शेजारी ठेवली म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. फ्रँकलिन यांच्यावर अन्याय झाला तो त्यांचे काम उघडे होते म्हणून नव्हे. ते अर्धे बंद होते. ओळखीच्या माणसाला खाजगीत दिसेल आणि नाव न घेता वापरता येईल इतपतच उघडे होते. ते चित्र नाव आणि तारीख घालून चव्हाट्यावर लावलेले असते, तर त्याचा उपयोग करणाऱ्याला ते नाव घ्यावेच लागले असते. चोरी अंधारात सोपी असते. गंमत अशी की, पुढे अमेरिकेच्या जीनोम योजनेचे पहिले प्रमुख झालेल्या याच वॉट्सननी जनुकांच्या तुकड्यांवर पेटंट घेण्याला कडाडून विरोध केला, आणि त्या वादात १९९२ साली पद सोडले. माणसे शिकतात.

आपल्याकडे हे तत्त्व इतिहासाच्या क्षेत्रात फार पूर्वी आचरले गेले. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' याचा पहिला खंड काढला आणि पुढे असे २२ खंड झाले. आधी आपला इतिहास लिहावा आणि मग पत्रे दाखवावीत, असा हिशेब त्यांनी केला नाही. मूळ पत्रेच छापून लोकांपुढे टाकली. त्यांच्या प्रस्तावनांतली कित्येक मते आज अभ्यासकांना पटत नाहीत, आणि ती खोडण्यासाठी राजवाड्यांनी छापलेलीच पत्रे पुढे केली जातात. तरी त्यांचे नाव गेले काय? पत्रांबरोबर तेही उद्धृत होत राहिले.

मात्र एक मर्यादा सांगितलीच पाहिजे, आणि ती सल्स्टन यांच्या पुस्तकात पुरेशी येत नाही. किड्याला अब्रू नसते; माणसाला असते. बाल्टिमोरच्या हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाई १९५१ साली कर्करोगाने वारल्या. त्यांच्या पेशी परवानगीवाचून घेतलेल्या होत्या, आणि त्या जगभर वाढवल्या गेल्या. मार्च २०१३ मध्ये त्या पेशींचा जीनोम खुला जाहीर झाला, तेव्हा त्यांच्या नातवंडांना आपल्या घरचे गुपित वेशीवर टांगल्यासारखे वाटले. तो मजकूर मागे घ्यावा लागला. ऑगस्टमध्ये समझोता झाला : माहिती मागणाऱ्याने अर्ज करावा, आणि अर्ज पाहणाऱ्या समितीवर घरची दोन माणसे असावीत. दप्तर उघडे असावे हे खरे. पण ज्याच्या घरातून ते निघाले, त्याला विचारून.

आता आपल्या देशाविषयी. केंद्र सरकारने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली आणि ती १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तीन वर्षांना ६,००० कोटी रुपये भरून, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी संस्थांतून वाचता येतील, अशी ती व्यवस्था. माझ्या भाचीचे कॉलेज खासगी. ते त्यात बसत नाही. योजनेने पुष्कळांची सोय होईल, म्हणून तिला नावे ठेवत नाही. पण हा किल्ल्यांचा मोठा जुडगा विकत घेण्याचा प्रकार आहे; कुलूप आहे तेथेच आहे. शिवाय लेख वाचायला मिळणे वेगळे, आणि त्यामागची मोजमापे हाती घेऊन त्यातून नवे काही करणे वेगळे. जानेवारी २०२० मध्ये चीनमधील शास्त्रज्ञ झांग योंगझेन यांच्या गटाने नव्या विषाणूची सुमारे ३०,००० अक्षरे खुली केली, आणि लशीचे काम त्याच आठवड्यात सुरू झाले. तेथे नुसते वाचून भागले नसते.

भाचीला मी हे सारे पत्राने कळवले. तिने नोंदींचे एक वर्ष, पहिले वर्ष, नाव आणि तारीख घालून खुले करायचे ठरवले आहे. बाकीच्या तीन वर्षांबद्दल ती अजून बोलत नाही, आणि मीही विचारीत नाही; नोकरी तिची कच्ची आहे, माझी नव्हे. यंदा भाऊबीजेला येईल, तेव्हा पुस्तक तिला परत करायचे आहे. त्यात हा अंक घालून देईन. रिकामे परत करायची आपल्याकडे रीत नाही.