‘म्हणे’चा लोप : धक्कादायक चित्रफिती आणि अफवेचे वाक्य

धक्का देणाऱ्या चित्रफितींविषयी आजवर जे लिहिले गेले, त्यातील बहुतेक लेखन नीतीच्या नाहीतर कायद्याच्या अंगाने झालेले आहे. रक्त किती दाखवावे, कोणास दाखवावे, दाखविणाऱ्यास शासन काय असावे, हे त्या लेखनाचे प्रश्न होत. ते गौण आहेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु २०१८ च्या उन्हाळ्यात ज्या एका चित्रफितीने आपल्या देशात मुले पळविणाऱ्यांची भीती गावोगाव पोहोचविली, तिच्यात रक्ताचा थेंबही नव्हता. हे एकदा ध्यानात घेतले म्हणजे रक्ताच्या मापाने या वाङ्मयप्रकाराची परीक्षा करावयाची रूढ रीत अपुरी वाटू लागते. ‘वाङ्मयप्रकार’ हा शब्द येथे जाणूनबुजून योजिला आहे. चित्रफितीबरोबर नेहमी एक वाक्य चालत असते, आणि प्रस्तुत लेखाचा विषय ते वाक्य हा होय.

या प्रकाराचा पाश्चात्त्य इतिहास थोडक्यात सांगितला तरी पुरे. अमेरिकेत १९९६ साली ‘रॉटन’ हे संकेतस्थळ निघाले, २००० मध्ये ‘ओग्रिश’ आणि २००६ च्या अखेरीस ‘लाइव्हलीक’. त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला सद्दाम हुसेनला फाशी दिले गेले, तेव्हा मोबाइलवर चोरून घेतलेली चित्रफीत अशा स्थळांवरून जगभर पोहोचली. पुढे कॅनडात खुनाची चित्रफीत प्रसिद्ध करणाऱ्या एका स्थळचालकावर खटला झाला. २०१४ मध्ये पत्रकारांच्या शिरच्छेदाच्या फिती आल्या, तेव्हा खुद्द लाइव्हलीकलाही आपला हात आखडता घ्यावा लागला. मे २०२१ मध्ये ते स्थळ बंद झाले. या सर्व स्थळांचा बचाव एकच होता : आम्ही जे आहे ते दाखवितो, त्यावर भाष्य करीत नाही. या बचावात कितपत तथ्य आहे ते पुढे पाहू. तूर्त एवढेच नोंदवावे, की तेथे जाणारा प्रेक्षक आपल्या पायांनी जात असे. काय पाहावयाचे आहे हे त्याला ठाऊक असे, आणि पाहून तो परत येई. आपल्याकडे ही वस्तू घरपोच आली, आणि ती देखील मामाच्या, मेहुण्याच्या किंवा वर्गमित्राच्या नावाने.

आता त्या निर्रक्त चित्रफितीकडे वळू. कराचीतील ‘रोशनी हेल्पलाइन’ या हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेने ती लोकजागृतीसाठी करविली होती. रस्त्यावर मुले क्रिकेट खेळत आहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात, मागे बसलेला एका मुलास उचलतो आणि गाडी निघून जाते. क्षणभराने गाडी वळून परत येते, मुलास खाली उतरविले जाते, आणि मागचा माणूस एक फलक उलगडून दाखवितो. रस्त्यावरून मूल पळविण्यास एक क्षण पुरतो, अशा अर्थाचा त्यावरचा मजकूर आहे. चित्रण रस्त्यावरच्या पहाऱ्याच्या कॅमेऱ्यातून झाल्यासारखे मुद्दाम ओबडधोबड ठेविले आहे. भारतात जी फीत फिरली तिच्यातून उत्तरार्ध कापलेला होता. गाडी जाते आणि चित्र संपते.

समीक्षकाच्या दृष्टीने येथे दोन गोष्टी बोलण्याजोग्या आहेत. पहिली मूळ कृतीविषयी. चांगल्या हेतूने केलेल्या या कृतीने धक्क्याचे तंत्र जसेच्या तसे उसने घेतले होते. पूर्वार्ध इतका स्वयंपूर्ण झाला, की उत्तरार्धावाचून त्याचे काही अडले नाही. ज्याचा अर्थ सर्वस्वी शेवटावर अवलंबून आहे, पण ज्याचा परिणाम शेवटाची वाट पाहात नाही, अशी रचना धोक्याची होय. दुसरी गोष्ट व्याकरणाच्या उपमेने सांगता येईल. मराठी वाक्यात नकार बहुधा शेवटी येतो. ‘त्यांनी मूल पळविले असे झालेले नाही’ या वाक्याचे शेवटचे तीन-चार शब्द खोडले, तर जे उरते तेही निर्दोष मराठी वाक्यच असते. कापणाऱ्याने नेमके हेच केले. त्याने एकही खोटे चित्र जोडले नाही, फक्त ‘नाही’ तेवढे काढून घेतले.

याच सुमारास मालेगावकडे दुसरी एक फीत फिरत होती. तिच्यात रांगेने ठेविलेली मुलांची प्रेते होती, आणि ही पळवून नेऊन अवयव काढलेली मुले होत, असे सोबतचे वाक्य सांगत होते. वास्तविक ते दृश्य सीरियातील घौता येथे २०१३ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यातील होते. येथे काहीच कापलेले नव्हते. दृश्य खरे, प्रेते खरी, शोकही खरा, फक्त वाक्य दुसरे. भाष्यावाचून केवळ वास्तव दाखवितो, हा संकेतस्थळांचा बचाव येथे कोसळतो. प्रेतांच्या रांगेला स्वतःचा देश नाही आणि वर्षही नाही, ते तिला ‘येथे’ आणि ‘काल’ हे शब्द देतात.

अशा संदेशाचा साचा सर्वांच्या परिचयाचा आहे : आपल्या भागात पोरे पळविणारी टोळी आली आहे, पाहा, सावध राहा, पुढे पाठवा. यातील पहिलाच शब्द विचार करण्यासारखा आहे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. ‘आपल्या भागात’ हे शब्द कोणत्याही गावच्या माणसाने वाचले, तरी तो त्यात आपोआप सामील होतो. संदेश गाव बदलतो, पण शब्द बदलावा लागत नाही. ‘टोळी’ या शब्दाविषयी सोलापूरच्या वाचकास निराळे सांगावयास नको. १८७१ च्या कायद्याने संबंध जमातीच गुन्हेगार ठरविल्या होत्या, आणि तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी उठला तरी आमच्या शहरातील एका वस्तीचे ‘सेटलमेंट’ हे नाव अजून चालूच आहे. कायदा रद्द होतो, शब्दाच्या सवयी राहतात.

परंतु या वाक्याचे खरे वैशिष्ट्य त्यात काय आहे यापेक्षा काय नाही, हे होय. त्यात ‘म्हणे’ नाही.

‘गावात पोरे धरणारे आले आहेत म्हणे.’ मुले पळविणाऱ्यांची अफवा काही मोबाइलबरोबर जन्मास आली नाही. पुलाच्या पायात बळी द्यावयास मुले नेतात, ही समजूत आपल्या आजीच्याही वेळी होती. मात्र आजी ती सांगताना वाक्याच्या शेवटी ‘म्हणे’ लावी. या इवल्याशा अव्ययाचे कार्य मोठे आहे. सांगितलेली गोष्ट मी पाहिलेली नाही, दुसऱ्याकडून ऐकली आहे, तिची जबाबदारी माझ्यावर नाही आणि तुझीही खात्री अद्याप झालेली नाही, इतके सगळे ते एका दमात सांगते. संस्कृतातील ‘किल’ या अव्ययाकडे असेच काम आहे. आमच्या सोलापुरात तर एका गल्लीत तीन भाषांतून हे काम चालते : कानडी बोलणारा क्रियापदास ‘अंते’ जोडतो, तेलुगू बोलणारा पद्मशाली विणकर ‘अट’ जोडतो, आणि मराठी शेजारीण ‘म्हणे’ म्हणते. तिन्ही भाषांना ऐकीव आणि पाहिलेले यांतील भेद व्याकरणात राखावासा वाटला, ही गोष्ट साधी नव्हे.

‘म्हणे’चा एक निर्बंधही येथे लक्षात घेणे अगत्याचे आहे. डोळ्यांसमोर घडत असलेल्या गोष्टीला तो लागत नाही. खिडकीतून पाऊस पाहात असता ‘पाऊस पडतो आहे म्हणे’ असे कोणी बोलत नाही. बोललाच तर ती थट्टा होते. एम. ए. च्या वर्गात आम्ही विद्यार्थ्यांस उपरोक्त संदेशात योग्य स्थळी ‘म्हणे’ घालावयास सांगितले. ‘टोळी आली आहे म्हणे’ येथवर सर्वांचे एकमत झाले. पुढे ‘पाहा’ आल्याबरोबर वाक्य अडखळले. ‘म्हणे’ आणि ‘पाहा’ एकाच माणसाच्या तोंडी सुखाने नांदत नाहीत. चित्रफितीने अफवेला पुरावा दिला असे सामान्यतः म्हटले जाते. आमच्या मते तिने त्याहून खोल असे काही केले : तिने ऐकिवाचे वाक्य पाहिलेल्याच्या वाक्यात रूपांतरित केले, आणि ते करताना संशयाची जी जागा भाषेने राखून ठेविली होती ती बुजविली.

भारतीय प्रमाणविचारात या जागेचा विचार झालेला आहे. ज्याचा मूळ सांगणारा कोण ते माहीत नाही अशा परंपरागत वचनास ‘ऐतिह्य’ म्हणतात. या वडावर यक्ष राहतो, हे त्याचे ठरीव उदाहरण. पौराणिक ते स्वतंत्र प्रमाण मानीत. नैयायिकांनी त्याचा अंतर्भाव शब्दप्रमाणात केला, आणि शब्द प्रमाण केव्हा, तर तो आप्ताचा असेल तेव्हा, अशी अट घातली. न्यायशास्त्रात ‘आप्त’ म्हणजे वस्तू यथार्थ जाणणारा व जाणली तशी सांगणारा. मराठीत मात्र ‘आप्त’ म्हणजे नातेवाईक. व्हॉट्सॲपवरील संदेश या दोन अर्थांच्या मधल्या फटीतून आत येतो. तो आप्ताने पाठविलेला असतो, परंतु आप्तवाक्य नसतो. त्या उन्हाळ्यात आमच्याही घरच्या गटात ती कराचीची फीत आली. पाठविणाऱ्या वडीलधाऱ्या बाईंना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “मी कुठे काही म्हटलंय? मी नुसती पाठवली.” भाषाशास्त्राच्या दृष्टीने हे उत्तर अगदी बिनचूक होते, आणि तेच भयंकर होते.

रविवार, १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीचे पाच पुरुष तेथे भिक्षेसाठी आले होते. बहुतेक आमच्याच जिल्ह्यातील मंगळवेढे तालुक्यातले. त्यांच्यातील एकजण एका लहान मुलीशी बोलला, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. तेवढ्यावरून जमाव जमला, पाचांनाही ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारण्यात आले, आणि पाचही गतप्राण झाले. त्याच रात्री मालेगावात एका कुटुंबास पोलिसांनी अशाच जमावाच्या हातून सोडविले.

दारोदार जाऊन चार शब्द बोलणे हीच ज्यांची उपजीविका, त्यांस लहान मुलीशी बोलणे हा अपराध ठरावा, याची मीमांसा केवळ चित्रफितीपाशी थांबू शकत नाही. ‘जेव, नाहीतर गोसावी झोळीत घालून नेईल’ हे वाक्य शहरातील किती सुशिक्षित घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे, याचा ज्याने त्याने आपल्याशीच हिशेब करावा. चित्रफितीला ओळखीचे माणूस हवे होते, ते आपल्या भाषेत आधीपासून झोळी घेऊन उभे होते.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. ‘म्हणे’ असतानाही माणसे मारली गेलीच आहेत. १८९६ च्या ऑक्टोबरात प्लेगच्या इस्पितळाविषयीच्या अफवांनी पेटून गिरणी कामगारांचा जमाव मुंबईच्या आर्थर रोड इस्पितळावर चालून गेला होता, आणि तेव्हा ना चित्रफीत होती ना मोबाइल. आक्षेप मान्य आहे. अव्ययाने हिंसा थांबते असा आमचा दावा नाही. आमचे म्हणणे एवढेच, की ‘म्हणे’ ऐकल्यावर ‘कोण म्हणतं?’ असा प्रतिप्रश्न विचारण्याची वाट मोकळी राहते, आणि तो प्रश्न कोणी विचारला तर त्यात उद्धटपणा दिसत नाही. ‘पाहा’ या आज्ञार्थाला असा प्रतिप्रश्न नाही. जो पाहूनही शंका घेतो तो गावाच्या मुलांचा वैरी ठरतो. त्रिपुरात सब्रूम येथे २८ जून २०१८ रोजी, मुले पळविणारे कोणी आलेले नाहीत, असे ध्वनिक्षेपकावरून सांगत फिरणाऱ्या माणसालाच जमावाने ठार केले. त्या कामासाठी त्याला प्रशासनानेच नेमले होते.

दुसरी अडचण अधिक अवघड आहे. राईनपाड्यातील मारहाणीचेही चित्रण झाले व तेही सर्वत्र फिरले. त्याच चित्रफितींवरून पोलिसांनी संशयितांची ओळख पटविली. वर ज्या संकेतस्थळांच्या बचावाची आम्ही उपेक्षा केली, त्यात एवढे तथ्य आहे हे नाकारता येणार नाही. हे असे घडलेच नाही, असे म्हणण्याची सोय त्या चित्रणाने कोणालाही ठेविली नाही. तथापि तेच दृश्य मेलेल्यांच्या घरच्या माणसांच्या मोबाइलवरही पोहोचू शकत होते, आणि तेथे त्यावर कोणते वाक्य चिकटविलेले असेल याचे बंधन कोणावरही नव्हते. न्यायालयाच्या दप्तरातील चित्रफीत आणि गटागटांतून फिरणारी चित्रफीत या, चित्र तेच असूनही, दोन भिन्न कृती होत. पहिलीस कोणी घेतली, केव्हा, कोठे, हे पंचनाम्याने जोडलेले असते. दुसरीस ते नसते.

राईनपाड्यानंतर त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठविलेल्या संदेशावर तशी खूण दाखवावयास आरंभ केला आणि भारतात एका वेळी पाच ठिकाणांहून अधिक ठिकाणी संदेश पुढे पाठविता येणार नाही अशी मर्यादा जाहीर केली. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर हा यंत्राने लावलेला ‘म्हणे’ होय. कल्पना चांगली. फरक इतकाच, की आजीचा ‘म्हणे’ आजीच्या मनातला संशय सांगे, आणि ही खूण पाठविणाऱ्याच्या मनाविषयी काहीच सांगत नाही. ती कविसंमेलनाच्या निमंत्रणावरही असते आणि प्रेतांच्या रांगेवरही असते, त्यामुळे डोळा तिला लवकरच सरावतो. शिवाय ती घालविणे सोपे आहे. मजकूर उचलून नव्याने चिकटविला, किंवा चित्रफीत मोबाइलमध्ये उतरवून घेऊन पुन्हा जोडली, की खूण नाहीशी होते आणि संदेश पाठविणाऱ्याच्या स्वतःच्या शब्दांसारखा दिसू लागतो.