ख्रिस्ती कोणाला म्हणावे? : देवासच्या गोकुळाष्टमीपासून ‘स्मृतिचित्रां’पर्यंत

इ. स. १९२१ च्या श्रावणात देवासच्या जुन्या राजवाड्यात गोकुळाष्टमीचा उत्सव चालू असताना एक इंग्रज गृहस्थ अनवाणी पायांनी त्या गर्दीत उभा होता. थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार (तिसरे) यांचा तो खाजगी चिटणीस. एडवर्ड मॉर्गन फॉर्स्टर हे त्याचे नाव. देवासला त्याचे हे दुसरे येणे. पहिल्यांदा तो १९१२ च्या अखेरीस येऊन गेला होता. या वेळी त्याने सुमारे सहा महिने नोकरी केली आणि तेथून लिहिलेली पत्रे पुढे १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ या नावाने प्रसिद्ध केली. टेकडीवरच्या देवीचे दर्शन आपण नित्य घेतो. परंतु तिच्या नावाचे हे पुस्तक आपल्यापैकी किती जणांनी वाचले असेल, याविषयी मी साशंक आहे.

‘अ पॅसेज टु इंडिया’ (१९२४) या त्याच्या कादंबरीचा तिसरा भाग याच उत्सवातून निर्माण झाला. कादंबरीत संस्थानाचे नाव माऊ असे आहे. त्यातील निसर्ग बराचसा छत्रपूरकडचा आहे. पण उत्सव निःसंशय देवासचा. देवापुढे उभे राहून भजन करणाऱ्या मंडळींचा म्होरक्या प्राध्यापक नारायण गोडबोले नावाचा दक्षिणी ब्राह्मण आहे आणि ती मंडळी ज्याला आईबाप म्हणून आळवीत आहेत तो समोरचा चांदीचा कृष्ण नसून तुकाराम आहे! देवापुढे उभे राहून देवाला नव्हे तर संताला हाक मारायची, ही विसंगती लेखकाने हेरली आहे आणि ती त्याला गंमतीची वाटली आहे. वारकरी कानाला ती विसंगती वाटत नाही, हा भाग वेगळा. इंग्रजी कादंबरीच्या एका शिखरस्थानी आमचे तुकोबा उभे आहेत, ही गोष्ट माळव्यातील मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी आहे. परंतु आज मला अभिमानापेक्षा निराळ्याच एका कारणासाठी ती सांगावयाची आहे.

फॉर्स्टर ख्रिस्ती घराण्यात वाढला आणि केंब्रिजला असताना ती श्रद्धा त्याने सोडली. त्यामुळे देवासच्या उत्सवाकडे तो पाहतो ते ख्रिस्ती म्हणून नव्हे, पण ख्रिस्ती धर्म आतून ठाऊक असलेला मनुष्य म्हणून. पत्रांत तो कुरकुरतो : सजावट भडक आहे, गोंगाट असह्य आहे, घाट नाही, अभिरुची नाही. आणि तरीही लोकांच्या चेहऱ्यांवरून त्याला कळते की हे सारे कोठेतरी फार खोल जाऊन भिडत आहे. पुढे कादंबरीत या दोन्ही जाणिवा एकत्र येऊन एक सिद्धान्त तयार होतो. दहीकाला, लोण्याची माखामाखी, देवाशी चाललेली थट्टा हे सर्व पाहून निवेदक म्हणतो की, अभिरुचीचा बळी देऊन या उपासनेने असे काही साधले आहे की जे ख्रिस्ती धर्माने टाळले : तिने हसण्याला देवघरात जागा दिली.

हे विधान मी प्रथम वाचले तेव्हा सुखावलो होतो. आपल्या घरची प्रशंसा परक्याने केली की असे होते. पण अध्यापकाला दुसऱ्यांदा वाचण्याची सवय असते आणि दुसऱ्या वाचनात शंका आली ती अशी : हा कोणता ख्रिस्ती धर्म? इंग्लंडातील मध्यमवर्गीयांच्या रविवारच्या प्रार्थनेतला, की आणखी कोठला? आणि ज्या तुकोबांचे नाव या मनुष्याने देवासात ऐकले, त्याच तुकोबांच्या बोटाला धरून ख्रिस्ताकडे गेलेला एक मराठी कवी अवघ्या दोनच वर्षांपूर्वी, ९ मे १९१९ रोजी मुंबईत वारला होता, हे त्याला कोणी सांगितले असते तर?

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस झाला. योगायोग असा की, त्याच वर्षी कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने धारला ठाणे उघडले आणि डॉ. मार्गारेट ओहारा या बाई तेथे बायकांच्या औषधपाण्याचे काम करू लागल्या. आम्हां धार-देवासकडच्या मंडळींना ख्रिस्ती म्हणजे काय ते कळले ते या दवाखान्यावरून. ख्रिस्ती म्हणजे गोरी डॉक्टरीण, ख्रिस्ती म्हणजे कंपाउंडमधील वस्ती, ख्रिस्ती म्हणजे साहेबाचा धर्म. उपकाराची जाणीव होती. पण आपलेपणा नव्हता. टिळकांची कविता आम्ही शिकलो ती या कल्पनेला जराही धक्का न लागता शिकलो. ‘फुलामुलांचे कवी’ असे एक गोंडस बिरूद त्यांना पाठ्यपुस्तकी परंपरेने चिकटवले आहे. त्या बिरुदाची सोय अशी की, त्याच्या आड कवीचा धर्म झाकला जातो.

मी स्वतः पंचवीस वर्षे हेच केले. ‘केवढे हे क्रौर्य’ शिकवताना पक्ष्याविषयीच्या करुणेचे रसग्रहण केले, वृत्त सांगितले, अलंकार सांगितले. एकदा वस्तीतल्या एका मुलाने तास संपल्यावर विचारले, “सर, हे टिळक आमच्यातले होते ना?” मी म्हणालो, “अरे, कवी सगळ्यांचाच असतो.” उत्तर खोटे नव्हते, पण तो प्रश्न ज्यासाठी विचारला होता ते मी त्याला दिले नाही. टिळक सगळ्यांचे आहेत हे त्याला ठाऊक होते. ते त्याचेही आहेत, एवढेच त्याला ऐकावयाचे होते.

आता मूळ प्रश्न. टिळक ख्रिस्ती झाले म्हणजे काय झाले? आपल्या वाङ्मयात धर्मांतराची कहाणी नवी नाही. बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा १८५४ चा. ‘अरुणोदय’ हे त्यांचे आत्मचरित्र १८८८ चे. तेथे मनुष्य वाचतो, वाद घालतो, दोन धर्म तराजूत तोलतो आणि अखेर एक पारडे खाली जाते. ती बुद्धीची कहाणी आहे आणि प्रामाणिक आहे. टिळकांची सुरुवातही काहीशी तशीच : राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने दिलेला नवा करार, त्याचे वाचन, डोंगरावरील प्रवचनाने घेतलेली मनाची पकड. परंतु टिळकांनी स्वतः आपल्या प्रवासाचा हिशेब दिला तो निराळा. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्तापाशी आलो, अशा आशयाचे त्यांचे सांगणे प्रसिद्ध आहे. पुलाची ही कल्पना नीट पाहण्यासारखी आहे. तराजूत एक पारडे वर गेल्याशिवाय दुसरे खाली येत नाही. पूल मात्र पलीकडे गेल्यावरही उभाच राहतो, आणि त्यावरून मागेही येता येते. टिळक येत राहिले. नाव बदलले नाही. उपासनेत अभंग आणले, कीर्तन आणले, टाळ-मृदंग आणले. आजही मराठी चर्चमध्ये जी गीते म्हटली जातात त्यांतील फार मोठा वाटा त्यांचा आहे.

आणि १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, सातारा गाठला आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. माझ्या मते टिळकांच्या साऱ्या आयुष्याचे टीकात्मक मर्म या दरबाराच्या एका नियमात आहे. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून तेथे समान. ज्या मनुष्याने बाप्तिस्म्यासाठी घर, जात आणि काही वर्षे तर बायकामुलालाही मुकण्याचे दुःख सोसले, त्यानेच शेवटी म्हणावे की, बाप्तिस्मा ही शिष्यत्वाची सीमा नव्हे! हे म्हणण्याचा अधिकार ज्याने किंमत मोजली आहे त्यालाच असतो. कुंपणावर बसलेल्याने तेच वाक्य म्हटले तर ते निव्वळ सोयीचे होते.

येथे फॉर्स्टरच्या कादंबरीतील दोन मिशनऱ्यांची आठवण होते. कसाईखान्यापलीकडे राहणारे, तिसऱ्या वर्गाने प्रवास करणारे, साहेबांच्या क्लबात पाऊल न टाकणारे हे दोघे चांगले गृहस्थ आहेत. परमपित्याच्या घरात पुष्कळ खोल्या आहेत, तेथे काळागोरा भेद नाही, असे ते शिकवतात. मग प्रश्न निघतो : माकडांनाही तेथे जागा आहे काय? दोघांतला तरुण मिशनरी म्हणतो, का नसावी? कोल्ह्यांना? असेलही. गांधीलमाशांना? येथे तो चाचरतो. आणि पुढे दगड, माती, सूक्ष्म जंतू यांपाशी तर थांबावेच लागते. कोणाला तरी बाहेर ठेवले पाहिजे, नाहीतर आपल्यापाशी काहीच उरणार नाही. फॉर्स्टरचा विनोद धारदार आहे, पण एकांगी नाही. उत्सवात तल्लीन झालेला गोडबोलेही मिसेस मूर आणि गांधीलमाशी यांना आपल्या भक्तीत सामावून घेतो. पण ती माशी ज्या दगडावर बसली होती त्या दगडाला सामावू पाहतो तेव्हा त्यालाही ते साधत नाही. सीमा प्रत्येकाला लागते. टिळकांनाही लागली असेल. फरक इतकाच की, त्यांनी सीमेवर भिंत न घालता दार ठेवले. दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही, हेही सांगितले पाहिजे. पगार सोडलेल्या वृद्ध कवीच्या तेजावर उभी असलेली संस्था त्याच्या मरणानंतर विझावी, यात आश्चर्य नाही.

मात्र फॉर्स्टरच्या आक्षेपाला टिळकांच्या काव्यात उत्तर सापडत नाही, हे मान्य केले पाहिजे. ‘अभंगांजली’त आर्तता आहे, शरणागती आहे, विरह आहे, हसू मला तरी आढळले नाही. तेथे टिळक तुकोबांचे अर्धेच शिष्य आहेत. ते उत्तर आहे लक्ष्मीबाईंपाशी.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाई १९३६ साली वारल्या. या ग्रंथाच्या विनोदाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. साधी भाषा, बोलकी शैली, स्वतःची थट्टा करण्याची तयारी हे त्याचे गुण सर्वमान्य आहेत. पण हा विनोद आणि लक्ष्मीबाईंचे ख्रिस्ती होणे या दोन गोष्टी आपले टीकाकार वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतात. माझे म्हणणे असे की, त्या एकच आहेत.

ग्रंथाचा आरंभ वडिलांच्या सोवळ्याने होतो. १८५७ च्या धामधुमीनंतर लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली. त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचे वेड लागले आणि घरात येणारी वस्तू न् वस्तू धुतली जाऊ लागली. लेखिका हे हसवून सांगते. हसताना आपल्या लक्षात येत नाही की, संपूर्ण ग्रंथाचा प्रश्न पहिल्याच प्रकरणात मांडला गेला आहे : काय शुद्ध, काय अशुद्ध, आणि हे ठरवले कोणी? पुढे नवरा ख्रिस्ती होतो. पाच-एक वर्षे ताटातुटीची जातात. मग त्या नवऱ्याकडे येतात, परंतु चूल वेगळी, पाणी वेगळे. एका छपराखाली दोन धर्म, आणि मध्ये सीमा म्हणून एक हंडा! हळूहळू हा हंडा त्यांना स्वतःलाच विनोदी वाटू लागतो. राहुरीला असताना त्या विचार करतात की ही जात देवाने केली की माणसाने, आणि माणसाने केली असे मनाला पटताच त्या ती सोडतात. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली.

हा क्रम महत्त्वाचा आहे. पदमनजींच्या कहाणीत ग्रंथ आधी येतो. लक्ष्मीबाईंच्या कहाणीत पाणी आधी येते. त्यांना कोणी वादात जिंकले नाही. टिळकांसारखा वादपटू नवरा घरात असूनही जिंकले नाही, हे विशेष! वडिलांच्या सोवळ्याला जी मुलगी हसली तीच मोठेपणी स्वतःच्या सोवळ्याला हसली आणि त्या हसण्याने भिंत पडली. फॉर्स्टरला वाटले की ख्रिस्ती धर्मात हसण्याला जागा नाही. येथे तर एक बाई हसत हसत त्या धर्मात शिरली आहे. शिरल्यावर हसणे थांबले असेही नाही. मिशनची माणसे, टिळकांचा विसराळूपणा, हातातले कोणालाही देऊन टाकण्याची त्यांची खोड, क्षणात पेटणारा आणि क्षणात विझणारा त्यांचा संताप, यांतील काहीही तिच्या तावडीतून सुटत नाही. ज्याच्यापायी आयुष्य उधळले गेले त्याच्याविषयी असे लिहिता येणे, ही मला तिच्या धर्माची खरी परीक्षा वाटते. क्षमा हा शब्द ती फारसा वापरीत नाही. वाक्यावाक्यात ती करीत असते.

लक्ष्मीबाईंच्या या ख्रिस्तीपणात तत्त्वचिंतन थोडे आहे, असा आक्षेप कोणी घेईल. घ्यावा. पाप, तारण, त्रैक्य यांविषयी त्या ग्रंथातून काही शिकावे म्हटले तर हाती फारसे लागत नाही. ती तहान असणाऱ्याने फादर स्टीफन्सच्या १६१६ च्या ‘क्रिस्तपुराणा’कडे जावे, तेथे ओवी आणि सिद्धान्त दोन्ही भरपूर आहेत. पण स्टीफन्स परका होता आणि त्याने मराठी शिकून ख्रिस्त सांगितला. लक्ष्मीबाईंना मराठी शिकावी लागली नाही. त्यांना फक्त आपल्याच घरातली एक भिंत ओलांडावी लागली. त्यांच्या ग्रंथात ख्रिस्ती होणे हे मराठी असण्याच्या बाहेर कोठेही पडत नाही.

आजही हे सांगावे लागते, म्हणून हा लेख. सप्टेंबर २०१९ मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा एक ख्रिस्ती धर्मगुरू मराठी संमेलनाचा अध्यक्ष कसा, असा प्रश्न काहींनी उघडपणे विचारला. धमक्यांपर्यंत मजल गेली. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, आताच्या धाराशिवला, संमेलन पार पडले. फादर २०२४ साली निवर्तले. प्रश्न विचारणाऱ्यांवर मी रागावू शकत नाही, कारण वर्गात त्या मुलाला अर्धे उत्तर देणारा मीही त्यांच्याच रांगेत काही वर्षे उभा होतो.

आमच्या शाळेत मराठी घेणारी मुले आता थोडी राहिली आहेत. त्यांच्यासाठी यंदा पाठ्यक्रमाबाहेर ‘स्मृतिचित्रे’ वाचावयास घेतली आहेत. वडिलांच्या सोवळ्याच्या प्रकरणाला मुले मनमुराद हसली. पुढच्या आठवड्यात राहुरी येईल.