एका पुस्तकांतील दोन प्रतिस्पर्धी

वैर संपल्यावर दोघां वैऱ्यांनीं एकत्र बसून त्या वैराची बखर सिद्ध करावी, हा योग वाङ्मयांत विरळाच. लॅरी बर्ड आणि मॅजिक जॉन्सन या अमेरिकन बास्केटबॉलपटूंचें, जॅकी मॅकमुलन या पत्रकार बाईंच्या साहाय्यानें लिहिलें गेलेलें 'व्हेन द गेम वॉज अवर्स' (२००९) हें पुस्तक अशीच एक बखर आहे. बर्ड बॉस्टनच्या सेल्टिक्स संघाचा, जॉन्सन लॉस एंजेलिसच्या लेकर्सचा. मार्च १९७९ मध्यें विद्यापीठांच्या अंतिम सामन्यांत जॉन्सनच्या संघानें बर्डच्या संघाला ७५-६४ असें हरविलें; पुढें धंदेवाईक खेळांत अजिंक्यपदासाठीं दोघे १९८४, १९८५ व १९८७ या सालीं समोरासमोर आले. पहिल्यानें बॉस्टन जिंकलें, नंतर दोन्ही वेळां लेकर्स.

पुस्तकाचा उत्तम भाग मात्र मैदानाबाहेरचा आहे. १९८५ सालीं पादत्राणांच्या एका जाहिरातीच्या निमित्तानें जॉन्सन बर्डच्या फ्रेंच लिक या गांवीं गेला. बर्डच्या आईनें त्याला जेवूं घातलें, आणि मनांतली अढी सुटूं लागली. प्रसंग घरगुती, व सांगितलाहि घरगुतीपणानें. जॉन्सननें ७ नोव्हेंबर १९९१ रोजीं आपणांस एच्. आय्. व्ही. ची बाधा झाल्याचें जाहीर केलें, तेव्हांचें बर्डचें दुःख वाचकाला खरें वाटतें, तें या आधींच्या पानांमुळेंच.

आमची तक्रार निराळी आहे. हा खेळ 'आमचा' होता असें पुस्तकाचें नांवच सांगतें. पण या वैराचे जनक हे दोघे नव्हेत. त्याचा आरंभ १९५९ सालचा. लेकर्स तेव्हां मिनियापोलिस येथें होते, आणि बॉस्टननें त्यांना ४-० असें धुऊन काढलें. १९६० सालीं ते लॉस एंजेलिसला आले. १९६२ ते १९६९ या काळांत अंतिम मालिकेंत पुनः सहा गांठी पडल्या, आणि सहाहि वेळां जेरी वेस्टचे लेकर्स बिल रसेलच्या बॉस्टनकडून हरले. १९६९ ची अखेरची लढत लॉस एंजेलिसलाच होती. विजयोत्सवासाठीं मालक जॅक केंट कुक यांनीं छताशीं फुगे बांधून ठेवले होते! बॉस्टन १०८-१०६ नें जिंकलें. फुगे छताशींच राहिले. जखमी पायानें खेळून वेस्टनें त्या दिवशीं एकट्यानें ४२ गुण केले. मालिकेंतील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याच वर्षीं सुरू झाला होता. तो पराभूत वेस्टला मिळाला, आणि हरलेल्या पक्षाच्या खेळाडूला तो पुनः कधींच मिळालेला नाहीं. कर्णावर जीव टाकणाऱ्या आम्हां मराठी वाचकांना याचें मर्म सांगावयास नको.

वेस्टचें 'वेस्ट बाय वेस्ट' (२०११) हें आत्मचरित्र शेजारीं ठेवलें कीं पहिल्या पुस्तकाची उणीव डोळ्यांत भरते. बर्ड आणि जॉन्सन दोघेहि जिंकलेले. त्यामुळें जुने घाव त्यांना हंसत दाखवितां येतात. वेस्टला १९७२ सालीं अजिंक्यपद लाभलें खरें, पण तें बॉस्टनविरुद्ध नव्हे, आणि त्याची जखम भरलीच नाहीं. पुढें दोन्ही संघ २००८ व २०१० सालींहि झुंजले. एकंदर बारा मालिकांपैकीं नऊ बॉस्टनच्या. हा हिशेब ज्याच्या अंगावर पडला, त्याच्या लेखणींत दुसऱ्याशीं वांटून घेतलेला गोडवा नाहीं. दोन्ही पुस्तकें वाचावींत. आमच्या मतें वेस्टचें आधीं.