‘मला नकोय’ कोण म्हणतं?

1971 साली संसदेने वैद्यकीय गर्भपाताचा कायदा मंजूर केला. त्याच वर्षी सत्यदेव दुबे यांनी विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’वर सिनेमा केला. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण त्या शेजारी ठेवल्या की नवल वाटतं. सुलभा देशपांडे यांच्या लीला बेणारेवर खोट्या खटल्याच्या खेळात भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो. खेळ हळूहळू दात दाखवू लागतो आणि शेवटी न्यायाधीश बनलेले काशीकर निकाल देतात, की हिच्या पोटातला गर्भ नष्ट करावा. आरोप ज्या गोष्टीचा, शिक्षाही तीच! बेणारेला ते मूल हवं आहे. पण तिला काय हवं आहे, हे त्या कोर्टात कुणी विचारतच नाही.

बाईला न विचारण्याची ही खोड आपल्या पडद्याला तेव्हापासून जी लागली, ती अजून सुटलेली नाही. श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’मध्ये (1974) जमीनदाराचा मुलगा सूर्या घरी कामाला असलेल्या लक्ष्मीला मूल पाडायला सांगतो आणि ती नकार देते. हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेल्या ‘भूमिका’त (1977) नवराच स्मिता पाटीलच्या उषाला गर्भपात करायला लावतो. म्हणजे बाईपुढे दोनच वाटा उरतात. कुणाच्या तरी जबरदस्तीने मूल पाडायचं, नाहीतर कुणाच्या तरी जबरदस्तीला नकार देऊन ते वाढवायचं. हे दोन्ही सिनेमे थोर आहेत आणि त्यांतला अन्याय खरा आहे. पण तिसरी बाई, जिला दिवस गेले आहेत, जिच्यावर कुणी जोर करत नाही आणि जी स्वतःहून ‘मला नकोय’ म्हणते, ती या चौकटीत येत नाही.

लोकप्रिय हिंदी सिनेमात ती आली, पण खलनायिका होऊन. ‘ऐतराज’मधली (2004) प्रियांका चोप्राची सोनिया पैशासाठी आणि नावासाठी मूल पाडते, आणि तिथेच ती वाईट बाई आहे हे प्रेक्षकाला कळवून टाकलं जातं. पुढच्याच वर्षी ‘सलाम नमस्ते’तली अंबर दवाखान्यापर्यंत जाऊन परत फिरते. त्यापूर्वी ‘क्या कहना’तली (2000) प्रिया लग्नाशिवायचं मूल वाढवायचा निर्णय घेते, आणि तो त्या काळाच्या मानाने धीटच होता. अशा सगळ्या कथांमधला धीटपणा मात्र मूल ठेवण्याच्याच बाजूला जमा होतो. दवाखान्याच्या दारातून परत फिरणं म्हणजे शौर्य, आत जाणं म्हणजे चारित्र्यातली खोट.

आता सीमेपलीकडे पाहू. जिथे कायद्याने गर्भपात गुन्हा होता, त्या देशांच्या सिनेमाने याच विषयावर सर्वांत स्वच्छ नजरेने काम केलं आहे. क्रिस्तियान मुंज्यू यांचा ‘चार महिने, तीन आठवडे, दोन दिवस’ (2007) घडतो 1987च्या रोमानियात. हुकूमशहा चाउशेस्कूने 1966 साली गर्भपातावर बंदी घातली होती, ती तेव्हाही चालूच होती. गर्भपात गबिताचा आहे, पण कॅमेरा तिच्या मैत्रिणीच्या, ओतिलियाच्या मागे फिरतो. हॉटेलची खोली, तिथे येणारा बेबे नावाचा माणूस, पैशाची घासाघीस, आणि पैसे कमी पडले म्हणून त्याने दोघींकडून वसूल केलेली किंमत. त्यानंतर ओतिलिया प्रियकराच्या आईच्या वाढदिवसाला जाते. जेवणाच्या टेबलावर कॅमेरा कितीतरी मिनिटं हलत नाही. भोवती शिकलेली माणसं गप्पा मारत असतात आणि मधोमध गप्प बसलेल्या या मुलीचं चित्त तिकडे खोलीत असतं. राजकीय सिनेमा कसा करावा, असं कुणी विचारलं तर मी हे एकच दृश्य दाखवीन.

माइक ली यांच्या ‘व्हेरा ड्रेक’मध्ये (2004) 1950चं लंडन आहे. इमेल्डा स्टॉन्टनची व्हेरा घरकाम करते, चहा करते, शेजारच्या आजाऱ्यांची विचारपूस करते, आणि तशाच सहजपणे साबणाचं पाणी आणि पिचकारी घेऊन अडलेल्या मुलींकडे जाते. एक पैसा घेत नाही. तिच्या घरच्यांचं काम करणाऱ्या नटांना ती काय करते हे ली यांनी तालमीत सांगितलंच नव्हतं. पोलीस दारात आले तेव्हाच त्यांना कळलं, आणि पडद्यावरच्या त्या चेहऱ्यांत हा धक्का मुरलेला दिसतो. याच सिनेमात एक श्रीमंत घरातली मुलगी आहे. मानसोपचारतज्ज्ञाची शिफारस आणि खाजगी नर्सिंग होम या मार्गाने तिची सुटका रीतसर होते. एकच कायदा, पण पैशाप्रमाणे त्याची दारं वेगळी.

ऑद्रे दिवान यांच्या ‘हॅपनिंग’ने (2021) हा विषय आणखी जवळ आणला. आनी एर्नो यांच्या आत्मकथनावरचा हा सिनेमा, काळ 1963चा, देश फ्रान्स. पडद्याची चौकट मुद्दाम अरुंद आहे, आणि मधूनमधून आठवड्यांचे आकडे उमटतात: इतके झाले, इतके झाले. घड्याळ पोटातच चालू आहे. इथे मुलीला पश्चात्ताप नाही. तिला शिकायचं आहे, लिहायचं आहे. व्हेनिसला या सिनेमाने सुवर्णसिंह मिळवला, जो आधी ‘व्हेरा ड्रेक’लाही मिळाला होता.

पिढ्यांचा विचार सरळ रचनेतच करणारा सिनेमा म्हणजे 1996चा ‘इफ दीज वॉल्स कुड टॉक’. एकच घर, तीन काळ. 1952 मध्ये डेमी मूरची विधवा परिचारिका चोरून गर्भपात करवून घेते आणि रक्तस्रावाने मरते. 1974 मध्ये सिसी स्पेसेकची चार मुलांची आई कायदा बाजूने असूनही पाचवं मूल ठेवते. 1996 मध्ये दवाखाना आहे, कायदा आहे, आणि बाहेर बंदूकही आहे. तिसरा भाग मला थोडा पत्रकासारखा वाटतो, त्यातली माणसं बाजू मांडायला उभी केल्यासारखी बोलतात. खरा जीव पहिल्या भागात आहे. मधला भाग लोक विसरतात, पण ‘ठेवते’ हाही तिचाच निर्णय असू शकतो, हे त्यात शांतपणे येतं. आपल्याकडे तोच निर्णय देवाच्या नावाने किंवा गाण्याच्या साथीने येतो.

एलायझा हिटमन यांचा ‘नेव्हर रेअरली समटाइम्स ऑलवेज’ (2020) तर चालू काळातला. पेनसिल्व्हेनियात आईबापांच्या संमतीशिवाय गर्भपात होणार नाही म्हणून सतरा वर्षांची ऑटम नात्यातल्या बहिणीला घेऊन बसने न्यूयॉर्कला जाते. तिथल्या दवाखान्यातली समुपदेशिका प्रश्न विचारते, उत्तरांना चारच पर्याय: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, नेहमी. कॅमेरा फक्त तिच्या चेहऱ्यावर. प्रश्न वाढतात तसा तो चेहरा फुटत जातो. कुणी काय केलं ते सिनेमा सांगत नाही, आणि तरी सगळं कळतं. दोनच वर्षांनी, 24 जून 2022 रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य करणारा 1973चा ‘रो’ निकाल रद्द केला.

इकडे आपला कायदा त्याच काळात सैल होत होता. 2021च्या दुरुस्तीने ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी मुदत 24 आठवड्यांवर गेली. गर्भनिरोधक फसल्याच्या कलमात पूर्वी ‘विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा’ असं होतं, तिथे आता ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असं आलं. 29 सप्टेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही ती मुदत लागू केली. तरी निर्णयाची किल्ली कायद्याने आजही डॉक्टरच्याच हाती ठेवली आहे. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही, हे मात्र पहिल्यापासून आहे. पडद्यावर या कायद्याचं नावही क्वचितच निघतं.

जुलै 2021 मध्ये एकाच महिन्यात दोन भारतीय सिनेमे आले. हिंदी ‘मिमी’त सरोगेट आईला मूल पाडायला सांगितलं जातं आणि ती नकार देते. मूळ सिनेमा आपलाच, समृद्धी पोरे यांचा ‘मला आई व्हायचंय!’ (2011), त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. दुसरा मल्याळी ‘साराज’. त्यातल्या साराला सिनेमा दिग्दर्शित करायचा आहे आणि मूल नको आहे. दिवस जातात, ती दवाखान्यात जाते, आणि सिद्दीकने केलेला डॉक्टर तिला पापपुण्य शिकवत नाही. सिनेमा म्हणून ‘साराज’ जरा गुळगुळीत आहे, साराच्या वाटेतले खडे फार चटकन बाजूला होतात. पण ती कथेत हरत नाही आणि मरतही नाही. ‘मला आई व्हायचं नाही’ या नावाचा मराठी सिनेमा मनात आणून पाहा. उद्गारचिन्हासकट.

पॉल वाइट्झ यांच्या ‘ग्रँडमा’त (2015) लिली टॉमलिनची आजी नातीच्या गर्भपातासाठी पैसे जमवत जुन्या गाडीतून गावभर हिंडते. वाटेत जुन्या नवऱ्याच्या घरी बसलेली असताना तिचा स्वतःचा, त्याला न सांगता केलेला गर्भपात बाहेर येतो. आपल्या सिनेमातल्या आजीला मात्र एकच वाक्य दिलेलं असतं: डोळे मिटायच्या आधी नातवाचं तोंड पाहू दे.

खऱ्या आज्यांची भाषा वेगळी होती. माझी आजी आणि शेजारच्या बायका माजघरात बोलायच्या तेव्हा ‘गर्भपात’ हा शब्द कधी ऐकला नाही. ‘पिशवी साफ करून घेतली’ म्हणायच्या. नाहीतर, ‘तालुक्याला जाऊन मोकळी होऊन आली.’ त्या एका वाक्यात पहाटेची एसटी आहे, सोबत गेलेली जाऊ आहे, सासूला सांगितलेलं भलतंच कारण आहे, आणि संध्याकाळी परत येऊन चुलीपुढे बसलेली बाई आहे.