भिकूचं गप्प राहणं

चित्रपट सुरू होतो तेव्हा चिता रचून तयार आहे. बेड्या घातलेला एक माणूस पोलिसांच्या पहाऱ्यात तिथं आणला जातो. तो बायकोच्या सरणाला अग्नी देतो आणि पुन्हा तुरुंगात जातो. तिच्या खुनाचा आरोप त्याच्यावरच आहे. तो बोलत नाही, आणि खटला चालू असेतो शेवटपर्यंत कुणाशीच बोलत नाही. गोविंद निहलानींचा ‘आक्रोश’ (१९८०) पाहिलेली अनेक माणसं तो पुन्हा पाहायला धजत नाहीत. मला त्यांचं समजतं. तरी माझ्या मते तो पुन्हा पाहावा, आणि आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या माणसानं तर पाहावाच.

कथा-पटकथा विजय तेंडुलकरांची. समाजातल्या हिंसेचा अभ्यास करण्यासाठी सत्तरच्या दशकात त्यांना नेहरू फेलोशिप मिळाली होती. त्या काळात त्यांनी जे पाहिलं-ऐकलं, त्याचं ओझं या पटकथेवर जाणवतं. लहान्या भिकू हा आदिवासी मजूर. त्याच्या बचावासाठी सरकारनं नेमलेला भास्कर कुलकर्णी हा तरुण वकील. आणि समोर सरकारी वकील दुसाणे, जे स्वतः आदिवासी आहेत आणि भास्करचे गुरूही. भास्कर तुरुंगात जाऊन प्रश्न विचारतो, विनवतो, चिडतो. भिकू नुसता बघतो. ओम पुरींचा तो देवीच्या व्रणांचा चेहरा पडद्यावर असतो तेव्हा निहलानींना दुसरं काही करावं लागत नाही. या बघण्यात भीती आहे, तसा एक हिशेबही आहे. समोरचा वकील भला आहे हे भिकूला कळत असावं. पण बोललो तर घरी राहिलेल्या बहिणीचं, म्हाताऱ्या बापाचं, तान्ह्या पोराचं काय होईल, हे त्याला वकिलापेक्षा जास्त कळतं. त्याच्या बायकोवर, नागीवर, अत्याचार करून तिला मारणारे कोण, हे आपल्याला पुढे दिसतं. ठेकेदार, पुढारी, डॉक्टर, पोलीस अधिकारी ही गावातली वजनदार मंडळी संध्याकाळी क्लबात पत्ते कुटत बसतात. त्याच टेबलाशी दुसाणेही असतात. रात्री मात्र त्यांच्या घरचा फोन वाजतो आणि पलीकडून कुणीतरी त्यांना जातीवरून शिव्या घालतं. अमरीश पुरींनी ते ऐकून घेणं असं केलं आहे की शिकून-सवरून वर आलेल्या माणसाचं एकटेपण अंगावर येतं. भिकू आणि दुसाणे दोघंही गप्प आहेत. एकाला घर वाचवायचं आहे, दुसऱ्याला मिळवलेली जागा टिकवायची आहे. मला या चित्रपटातलं सर्वांत बारीक काम इथं दिसतं.

आदिवासींत काम करणाऱ्या कार्यकर्त्याच्या छोट्या भूमिकेत महेश एलकुंचवार आहेत. विदर्भाच्या या नाटककाराला तेंडुलकरांच्या पटकथेत पाहताना मला दर वेळी वेगळंच वाटतं.

हा चित्रपट मी वडशाची आठवण बाजूला ठेवून पाहू शकत नाही. वडसा म्हणजे देसाईगंज, झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचं गाव. इथल्या नाटकात दुःख रात्रभर मोठ्यानं बोलतं, गातं, रडतं. याच गावच्या पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री एक अनाथ आदिवासी मुलगी भावानं केलेल्या तक्रारीसंबंधी जबाब द्यायला आली होती. वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. बाकीच्यांना बाहेर पाठवून तिला आत थांबवलं गेलं, दिवे मालवले गेले. कायद्याच्या इतिहासात हे तिच्या नावानं, मथुरा प्रकरण म्हणून, नोंदलं आहे. ‘आक्रोश’ त्यावर बेतलेला आहे असं मी म्हणत नाही. पण दोन्ही एकाच काळातले आहेत, आणि शेजारी ठेवले की एक गोष्ट लख्ख दिसते. वडशाची मुलगी गप्प राहिली नाही. ठाण्याबाहेर येताच तिनं पोलिसानं बलात्कार केल्याचं जमलेल्या लोकांना सांगितलं. लोक इतके खवळले की ठाणं जाळण्याची भाषा झाली, तेव्हा कुठे तिची फिर्याद लिहून घेतली गेली.

मग तिच्या शब्दांचं काय झालं? १९७४ मध्ये चंद्रपूरच्या सत्र न्यायालयानं दोन्ही आरोपी पोलिसांना सोडलं. १९७६ मध्ये नागपूर खंडपीठानं संमती आणि हतबल शरणागती यांत फरक केला आणि त्यांना शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार केल्याचं तिचं म्हणणं खरं नाही, असा तो तर्क होता. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. १९८० मध्ये शहराशहरांतून बायका रस्त्यावर उतरल्या, आणि त्याच वर्षी ‘आक्रोश’ आला. बोलून काय मिळतं हे वडशाच्या निकालानं सांगितलं होतं. भिकूचं तोंड का उघडत नाही, हे त्यानंतर प्रेक्षकाला वेगळं समजवावं लागत नाही. जंगलाशेजारच्या गावात ठेकेदार, साहेब आणि ठाणं यांची ऊठबस ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तर मुळीच नाही.

शेवटाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. बाप मरतो. भिकूला पुन्हा बेड्यांत स्मशानात आणतात, म्हणजे सुरुवातीची चिता दुसऱ्यांदा पेटते. मुकादमाची नजर बहिणीवर खिळलेली भिकूला दिसते. तो कुऱ्हाड उचलतो आणि बहिणीलाच मारतो. मग आभाळाकडे तोंड करून ओरडतो. चित्रपटगृहात हा प्रसंग पाहताना श्वास अडकतो, त्याची ताकद नाकारता येत नाही. पण तिला जगायचं होतं का, लढायचं होतं का, हे तिला कुणीच विचारलेलं नाही. भिकूनं नाही, आणि तेंडुलकर-निहलानींनीही नाही. किंकाळी भावाची आहे, मरण बहिणीचं. नागीच्या वाट्यालाही फक्त भिकूच्या आठवणीतली जागा येते. भिकूच्या मौनाला इतकं ऐकणारा हा चित्रपट बायकांच्या बाबतीत त्या क्लबाइतकाच बहिरा राहतो. दर वेळी शेवटी मला हेच टोचतं, आणि कुऱ्हाडीपेक्षा जास्त टोचतं.

१९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि ‘माझी संमती नव्हती’ असं बाईनं सांगितलं, तर न्यायालयानं तसंच गृहीत धरायचं, असं ठरलं. तिच्या शब्दाला वजन आलं, पण वडशाच्या त्या मुलीचा निकाल त्यानं फिरला नाही. गोंडवाना विद्यापीठातल्या कायद्याच्या मुलामुलींना ‘आक्रोश’ दाखवावा आणि त्याच दुपारी १९७८ चं निकालपत्र वाचायला द्यावं, असं मला फार वाटतं. चर्चेला भिकूपासून सुरुवात करू नये. कुऱ्हाड उचलली जाण्याआधी ती बहीण कोणकोणत्या प्रसंगात पडद्यावर आहे, तिथं काय करते आहे, हे त्यांनी आधी शोधून काढावं.